तडा किती चालेल, तेही लिहा

१५ डिसेंबर १९६७च्या संध्याकाळी अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज वाहनांसकट कोसळला. ४६ माणसं गेली. चौकशीत सापडला तो एका पोलादी पट्टीच्या भोकाच्या काठावरचा, जेमतेम अडीच मिलिमीटर खोलीचा तडा. सांधा उकलल्याशिवाय तो दिसण्यासारखा नव्हता. शिवाय पट्ट्या जोडीजोडीनेच होत्या. एक तुटल्यावर दुसरीने तग धरणं शक्यच नव्हतं.

एवढ्याशा तड्याने अख्खा पूल कसा पडतो, याचं मूळ उत्तर ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्येच, काचेवर प्रयोग करून देऊन ठेवलं होतं. ताणलेल्या पदार्थात ऊर्जा साठलेली असते. तडा सरकला की त्यातली काही मोकळी होते आणि नवा पृष्ठभाग तयार होण्यात काही खर्ची पडते. मिळकत खर्चाहून वरचढ झाली की तडा धावत सुटतो.

पोलादात मात्र तड्याच्या टोकाशी धातू इतका विकृत होतो की तिथे मोजमाप करणंच मुश्कील. १९६८ मध्ये जेम्स राइस यांनी वाट दाखवली: टोकाला हात न लावता, त्याच्याभोवती दुरून कुठूनही वळसा घालून ऊर्जेची बेरीज करा, उत्तर तेच येतं. यामागे अक्षय्यतेचा नियम आहे, आणि त्याचा धागा गणितज्ञ एमी नोदर यांच्या १९१८च्या प्रमेयापर्यंत जातो. पदार्थ सर्वत्र एकसारखा असेल, तर त्या सारखेपणातूनच एक न बदलणारी राशी हाती लागते.

हे गणित हाताशी असूनही आपल्याकडचे पुलांचे अहवाल अजून ‘सुस्थितीत’ आणि ‘किरकोळ दुरुस्ती’ या शब्दांवर भागवतात. मुंबईत मार्च २०१९ मध्ये पडलेला हिमालय पूलही आधीच्या तपासणीत वापरायोग्यच ठरला होता. तिथलं दुखणं गंजाचं होतं, पण शेऱ्याचा पोकळपणा तोच.

अमेरिकेत प्रवासी विमानांसाठी १९७८ पासून तडा असणारच असं धरून तपासणीचं वेळापत्रक आखावं लागतं. पोलादी पुलांनाही हे लावावं. जो एक भाग तुटला तर पूल पडेल, त्याला किती लांबीचा तडा झेपेल आणि वापरलेल्या उपकरणाला किती लहान तडा दिसतो, हे दोन आकडे अहवालात हवेत. लहान तडा वाढून तेवढा व्हायला किती काळ लागेल, त्यावरून पुढच्या तपासणीची तारीख ठरावी. जुन्या पोलादाचे गुणधर्म ठाऊक नाहीत, ही सबब पुढे येईलच. पण कमी ताणाच्या भागातून नमुना कापून तो प्रयोगशाळेत तोडून पाहता येतो.