पाणी न पिणाऱ्या बायका



आरोग्याच्या शिबिरांत बायका आता पाळीबद्दल बोलतात, अंगावरून पांढरं जाण्याबद्दलही बोलतात. पण "सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?" असं विचारलं की आधी हशा पिकतो आणि मग हळूहळू उत्तरं येतात. घरातून निघताना एकदा, आता परत घरी गेल्यावर. मधले आठ-दहा तास कोरडे. "पाणी प्यालं की जावं लागतं, म्हणून पीतच नाही," हे वाक्य भाजी विकणारी सांगते, ऊसतोडणीला जाणारी सांगते, शाळेतली बाईही सांगते. जात-वर्ग वेगळे, उत्तर एकच. म्हणून या वेळी लघवीबद्दलच लिहायचं ठरवलं.

आधी शरीर समजून घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडं असतात. एकेकाचं वजन फार तर दीडशे ग्रॅम. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ लिटरभर. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसभरात १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो. मग पुढच्या बारीक नळ्यांमध्ये त्यातलं पाणी, साखर, क्षार असं जे जे शरीराला हवं ते पुन्हा रक्तात घेतलं जातं. युरिया आणि इतर टाकाऊ द्रव्यं तेवढी मागे राहतात. १८० लिटरमधून शेवटी लघवी होते ती दीड लिटरच्या आतबाहेर. शिवाय रक्तदाब सांभाळणं, तांबड्या पेशी तयार करायला हाडांतल्या मगजाला सांगणं, ड जीवनसत्त्व कामाला येईल अशा रूपात आणणं, हेही मूत्रपिंडांचंच काम. घरातल्या बाईच्या कामासारखंच ते बंद पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आपण पाणी कमी प्यालो की मेंदूतून निघणारं एक संप्रेरक मूत्रपिंडांना सांगतं, पाणी राखून ठेवा. मग लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. एखाद्या दिवशी हे चालतं. पण रोज उन्हात राबायचं, घाम गाळायचा आणि वर पाणी तोडायचं, असं वर्षानुवर्षं झालं तर दाट लघवीत क्षारांचे खडे धरतात. 'मुतखडा' झाला की मात्र दवाखान्यात पहिला सल्ला मिळतो, "भरपूर पाणी प्या." पिऊन जायचं कुठे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

मूत्रपिंडांतून दोन नळ्यांवाटे थेंबथेंब लघवी ओटीपोटातल्या मूत्राशयात उतरते. ही स्नायूंची पिशवी आहे. साधारण दोन-तीनशे मिलिलिटर भरलं की पहिली जाणीव होते, चार-पाचशेला कळ असह्य होते. तोंडाशी दोन झडपा. आतली आपल्या हुकमात नाही, बाहेरची आहे. बाहेरची झडप आवळून धरायला प्रत्येक मूल दोन-तीन वर्षांचं असताना शिकतं. पुढे मुलगा ती कुठल्याही भिंतीशी सैल सोडायला शिकतो आणि मुलगी आणखी घट्ट आवळायला. हा फरक निसर्गाचा नव्हे.

निसर्गाचा फरक वेगळाच आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग १८-२० सेंटिमीटर लांब, आपला जेमतेम ४. शिवाय त्याचं तोंड योनी आणि गुदद्वार यांच्या अगदी जवळ. आतड्यातले जंतू तिथून मूत्राशयात पोचायला फारसा वेळ लागत नाही. भरपूर पाणी प्यायलं, वेळच्या वेळी लघवी केली, तर ते धुऊन निघतात. तुंबवून ठेवली तर त्यांना वाढायला सवड मिळते. तासभर कळ काढली म्हणून कोणाचं मूत्रपिंड निकामी होत नाही, उगाच भीती घालायची नाही. पण जिच्या शरीराला ती सवड परवडत नाही तिच्यावरच तुंबवून ठेवायची वेळ आणायची, हा उफराटा न्याय आहे.

मग जळजळ सुरू होते. आपण म्हणतो 'उन्हाळी लागली', 'उष्णता झाली', आणि धन्याचं पाणी पिऊन दिवस काढतो. धन्याच्या पाण्याला आमची हरकत नाही, पाणी पोटात जातंच आहे. पण सोबत थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं, लघवीत रक्त दिसलं, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवं. गरोदरपणात तर साधी जळजळही अंगावर काढायची नाही. तेव्हा मूत्रवाहिन्या सैलावतात, गर्भाशयाचा दाब पडतो, लघवी रेंगाळते. संसर्ग वर चढला तर दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. आणि घरात कोणी "हिलाच कशी ही बाधा झाली?" असं विचारू लागलं, तर त्याला त्या ४ सेंटिमीटरांचा हिशेब सांगावा. चारित्र्याचा इथे काही संबंध नाही.

बाळंतपणांनंतर खोकताना, हसताना, हंडा उचलताना लघवी सुटते, ही आणखी एक गप्प बसायची गोष्ट. ओटीपोटाखालचे स्नायू ताणले गेल्याने ती होते. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच दिवसातून काही वेळा आवळून सोडायचे, या व्यायामाने पुष्कळजणींना फरक पडतो. नाही पडला तरी उपचार आहेत. "वयच झालं आता" म्हणून घडी घातलेलं फडकं लावून फिरायची गरज नाही.

(जाता जाता: जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत आपल्या देशात बायका बहुसंख्य आहेत आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष. आईचं, बायकोचं मूत्रपिंड कुटुंबाला हक्काचं वाटतं. हा स्वतंत्र अंकाचा विषय आहे.)

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावाने संस्था-संघटनांनी मोहीम उभारली. तिने साधा प्रश्न विचारला होता: पुरुषांना मुतारी फुकट, मग बाईने त्याच कामासाठी पैसे का मोजायचे? नावाला हसणारे पुष्कळ निघाले, पण विषय महापालिकेच्या टेबलावर गेला. केरळात कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायका याच कारणाने एकत्र आल्या आणि पुढे बसायच्या हक्कापर्यंत लढल्या. २०१८ मध्ये तिथला दुकान कायदा बदलला. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने केलेल्या जनहित याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं पुरवणं ही महापालिकांची जबाबदारी ठरवली आणि ती प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काशी जोडली. कारखान्यात स्त्रियांसाठी वेगळी सोय हवी, हे तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं. शेताच्या बांधाला, उसाच्या फडाला मात्र असा कायदा पोचलेला नाही.

म्हणून गटांना एक काम सुचवतो आहोत. आपल्या गावचा एसटी स्टँड, आठवडी बाजार, तहसील कचेरी, मुलींची शाळा अशा चार जागा निवडा आणि स्वतः जाऊन बघा. दाराला आतून कडी आहे का, दिवा लागतो का, नळाला पाणी आहे का, पाळीचं कापड टाकायची सोय आहे का, पैसे घेतात का. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते आणि ती मागायला बाईला कोणासमोर उभं राहावं लागतं, तेही लिहा. पुढच्या अंकासाठी ही माहिती आमच्याकडे पाठवा, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला देऊन पोच घ्या.