‘मुस्लीम बांधव’ हे कुणाचं नाव नसतं

मला इंग्लंडच्या राजघराण्याचे फोटो पाहायला आवडतात. वडनेर भोलजीत राहणारी, उर्दू आणि मराठी शिकवणारी एक मुसलमान बाई असं म्हणते, तेव्हा तिला तीन बाजूंनी ऐकून घ्यावं लागतं. देशभक्त म्हणतात, ही गुलामी. दीनदार म्हणतात, तसवीर नाजायज. आणि स्टाफरूममधले शहाणे म्हणतात, मॅडम, आधी पोरांच्या वह्या तपासा. वह्या तपासून झाल्यात. आता तिघांनाही उत्तर देते.

माझा मामेभाऊ लंडनमध्ये नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी तो बायकोमुलांना घेऊन कुठल्या ना कुठल्या म्युझियममध्ये जातो आणि तिथून मला फोटो पाठवतो. ट्रॅफल्गर चौकाला लागून तिथं नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आहे. 1856 साली स्थापन झालेली ही गॅलरी दुरुस्तीसाठी तीन वर्षं बंद होती, जून 2023 मध्ये पुन्हा उघडली. कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही. तिथं देवादिकांची चित्रं नाहीत, निसर्ग नाही, फक्त माणसांचे चेहरे. राजे-राण्या, कवी, डॉक्टर, खेळाडू. आणि प्रत्येक चेहऱ्याखाली एक पाटी: नाव, जन्म, मृत्यू, काय काम केलं, चित्र किंवा फोटो कुणी काढला. एका देशानं ठरवलं की आपला इतिहास आपण चेहऱ्यांनी सांगायचा. मला ही कल्पना आवडते. ती इंग्रजांची आहे म्हणून वाईट होत नाही.

2024 च्या उन्हाळ्यात बकिंगहॅम पॅलेसजवळच्या किंग्ज गॅलरीत राजघराण्याच्या शंभर वर्षांतल्या फोटोंचं प्रदर्शन होतं. त्यात सेसिल बीटन या फोटोग्राफरचंही काम होतं. बीटननं 2 जून 1953 ला, राज्याभिषेकाच्या दिवशी, राणी एलिझाबेथचा फोटो काढला. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, मागे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या उंच कमानी. पाहणाऱ्याला वाटतं, फोटो ॲबीतच काढलाय. नाही. तो राजवाड्यातल्या एका दिवाणखान्यात काढलाय आणि मागे आहे तो रंगवलेला पडदा! आमच्याकडे नांदुऱ्याला नाहीतर मलकापूरला जाऊन, ताजमहालाच्या पडद्यासमोर लग्नानंतरचा फोटो काढलेल्या प्रत्येक जोडप्यानं हे ऐकून ठेवावं. राणीची आणि आपली पद्धत एकच होती.

पण पडदा एकच असला तरी फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकाबद्दल आहे.

विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज मुंबईत फोटो काढायचा. 1863 आणि 1866 साली त्याचं दोन भागांतलं पुस्तक निघालं. विषय, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या पौर्वात्य जातीजमाती. एक भाग गुजरात-कच्छ-काठेवाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. त्यानं माणसांचे फोटो काढले आणि त्यामागं मुंबईतल्या दुसऱ्याच जागांची दृश्यं जोडली. म्हणजे इथंही खोटी पार्श्वभूमी. पण खाली पाटीवर माणसाचं नाव नाही, जातीचं नाव. मग 1868 ते 1875 या काळात लंडनहून सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचं पुस्तक काढलं, साडेचारशेहून जास्त फोटोंचं. तिथंही तेच. बहुतेकांच्या नशिबी जात, जमात, धर्म, आणि ‘हे लोक स्वभावानं कसे’ याचं वर्णन. समोर बसलेल्या माणसाला आई होती, तिनं त्याचं काही नाव ठेवलं होतं, याची नोंद घ्यायची गरज कुणाला वाटली नाही.

तेव्हा फोटोचे दोन प्रकार. एकात माणूस असतो, दुसऱ्यात नमुना. राणीचा फोटो पहिल्या प्रकारात, आमचा दुसऱ्या. मला राणीचे फोटो आवडतात ते राणीसाठी नाही. माणसाला माणूस म्हणून कसं दाखवायचं, हे तिथं दिसतं म्हणून.

आता आपल्या घरात येते. सर सय्यद अहमद खान 1869 साली मुलांना घेऊन लंडनला गेले होते. हामिद आणि महमूद ही दोन्ही मुलं घेऊन ते इंडिया ऑफिसमध्ये गेले असताना हेच पुस्तक त्यांच्या समोर आलं. सर सय्यदांनी पत्रात त्याबद्दल फार दुःखानं लिहिलंय. हिंदुस्थानात नोकरीवर निघालेले तरुण इंग्रज हे पुस्तक पाहून जाणार, मग त्यांना आपल्याबद्दल काय आदर वाटणार, ही त्यांची चिंता. महमूद पानं उलटत असताना एका इंग्रज तरुणानं विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद लाजला. हो म्हणाला, आणि लगेच खुलासा केला की आम्ही इथल्या मूळ लोकांपैकी नाही, आमचे पूर्वज बाहेरच्या मुलखातून आले होते.

हा महमूद पुढे अलाहाबाद हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. मोठा माणूस. पण ते उत्तर मला आजही बोचतं. त्यानं म्हणायला हवं होतं, या फोटोतल्या माणसाचं नाव काय ते सांगा. त्याऐवजी तो म्हणाला, मी या फोटोतला नाही. पुस्तक खोटं ठरवण्याऐवजी त्यानं पुस्तकातून फक्त स्वतःची सुटका करून घेतली. दीडशे वर्षं आपले शरीफ लोक हेच करत आलेत. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिढ्या गेल्या, घरात तूर-कापूस, बोलीत निम्मी वऱ्हाडी, आणि खानदान विचारलं की थेट अरबस्तान! ज्यांच्या अंगावर पिंजाऱ्याचा कापूस आणि कसायाचं रक्त दिसतं, ते मात्र नमुने. त्यांना इंग्रजांनीच नमुना केलं असं नाही, आपणही केलंय.

दुसरं उदाहरण तर माझ्याच पेशातलं. अब्दुल करीम. आग्र्याच्या तुरुंगात कारकून होता. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या जूनमध्ये तो तिच्या सेवेत गेला. वाढपी म्हणून गेला आणि मुन्शी झाला, म्हणजे उस्ताद, मास्तर. साठी ओलांडलेली राणी त्याच्याकडून उर्दू लिहायला शिकली. तिच्या त्या सरावाच्या 13 वह्या आजही राजघराण्याच्या दफ्तरात आहेत. उर्दूच्या मास्तराला इतकी मेहनती विद्यार्थिनी क्वचित मिळते. रुडॉल्फ स्वोबोडा या व्हिएन्नाच्या चित्रकारानं 1888 साली करीमचं देखणं चित्र केलं. 22 जानेवारी 1901 ला राणी गेली. नव्या राजानं माणसं पाठवून करीमच्या घरातली तिची पत्रं जाळून टाकली आणि त्याला आग्र्याला परत धाडलं. 1909 मध्ये तो वारला. पत्रं जळाली, पण चेहरा आणि नाव राहिलं. म्हणूनच शंभर वर्षांनी श्राबणी बसूंना त्याच्यावर पुस्तक लिहिता आलं आणि 2017 मध्ये सिनेमा आला. जाळणाऱ्यांना चेहरा पुरून उरला.

पण करीमनंही एक गोष्ट केली. वडील सर्जन-जनरल आहेत, असं त्यानं दरबारात भासवलं. चौकशी झाली तेव्हा कळलं की वडील आग्र्याच्या तुरुंगात औषधं देणारे होते. दरबाऱ्यांना हसायला कारण मिळालं. मला त्या हसणाऱ्यांचा राग येतो, कारण तुरुंगातल्या आजाऱ्यांना औषध देणं हे सन्मानाचं काम आहे. पण करीमला ते सन्मानाचं वाटू नये, याचं वाईटही वाटतं.

माझ्या वर्गात दरवर्षी असा करीम असतो. हायवेवर पंक्चर काढणाऱ्याचा मुलगा ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘बिझनेस’ लिहितो. केळीच्या गाडीवाल्याचा मुलगाही ‘बिझनेस’. बांगड्या भरणाऱ्या आईची मुलगी तर रकाना कोराच ठेवते. ‘पंक्चरवाला’ ही आपल्याला दिलेली शिवी आहे, हे पोरांना मोबाइलवरून माहीत झालंय. मी त्यांना सांगते, रात्री दोन वाजता ट्रकचं चाक खोलणाऱ्या माणसाच्या हातात जो हुन्नर आहे, तो शिवी देणाऱ्याच्या हातात नाही. लिहा, ‘पंक्चर काढतात’. आणि पुढे वडिलांचं पूर्ण नाव लिहा.

याला पुरावा त्याच राणीच्या घरातला देते. 1886 साली लंडनमध्ये वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात हिंदुस्थानी कारागीर नेऊन बसवले होते, त्यांतले बरेच आग्र्याच्या तुरुंगात हुन्नर शिकलेले. राणीनं याच स्वोबोडाकडून त्यांची चित्रं करून घेतली. त्यात एक कुंभार आहे, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. त्याचं वय 102 असल्याची नोंद आहे आणि नाव लिहिलंय, बक्षीराम. ही चित्रं ऑस्बोर्न हाउसमध्ये, राणीच्या दरबार हॉलच्या वाटेवर लागली. राणीला हवे होते नमुनेच, यात शंका नाही. पण चित्रकारानं चेहरा मन लावून काढला आणि नाव टिकलं, म्हणून नमुन्याचा माणूस झाला. तुरुंगाशी नातं असलेल्या एका कुंभाराला बादशाहीच्या भिंतीवर नाव मिळतं. मग आमच्या पंक्चरवाल्याला आमच्या जिल्ह्याच्या पेपरात का मिळू नये?

ईदच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर काढून बघा, कोणताही. नवी टोपी घातलेली दोन मुलं गळाभेट घेताहेत. खाली ओळ: ‘एकमेकांना शुभेच्छा देताना मुस्लीम बांधव’. गणपतीच्या फोटोत मंडळाच्या अध्यक्षापासून खजिनदारापर्यंत नावं डावीकडून उजवीकडे असतात. आमची मुलं मात्र दरवर्षी ‘बांधव’. तलाक, लोकसंख्या, शिष्यवृत्ती, विषय काहीही असो, सोबत पाठमोऱ्या बुरख्यांचा तोच तो फोटो. हा ‘द पीपल ऑफ इंडिया’चा नववा खंड आहे आणि तो आपल्या मराठीत छापला जातोय. ज्याला नाव नाही त्याच्याबद्दल काहीही बोलता येतं. शेजाऱ्याचं नाव माहीत असलं की शिवी देताना जीभ जरा अडखळते.

आता आक्षेपांचं. इंग्रजांनी लुटलं, हे मी वर्गात शिकवते, तारखांसह. पण 2025 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार आपल्या सरकारनं लंडनच्याच लिलावातून आणली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. म्हणजे आपला इतिहास तिथं पडलाय, हे सगळ्यांना मान्य आहे. मग तो बघायला गेलेली नजर गुलाम कशी?

तसवीरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि मी मुफ्ती नाही. एवढंच दिसतं की हजच्या अर्जालाही फोटो लागतो, आणि फोटोविरुद्धची तकरीर मी मोबाइलवर, तकरीर करणाऱ्याच्या चेहऱ्यासकट पाहिली. तुर्कस्तानचे शेवटचे खलिफा अब्दुलमजीद स्वतः चित्रकार होते, माणसांची चित्रं काढायचे. त्यांची मुलगी दुर्रूशेहवार 1931 साली निजामाच्या थोरल्या मुलाची, आझम जाहची, बायको झाली. 1936 पासून आझम जाहला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला आणि ती झाली बेरारची राजकन्या. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड, ज्यात हा बुलडाणा जिल्हा येतो. तिचे फोटो पाहा, काय ऐट आहे! 2006 मध्ये ती लंडनमध्येच वारली. कारभार इंग्रजांचा, किताब निजामाच्या मुलाचा, आणि वऱ्हाडी माणूस दोन्हीकडे नाही. तिच्या फोटोखाली आपलं नाव आहे पण चेहरा नाही. जॉन्सनच्या पुस्तकात महाराष्ट्राचे चेहरे आहेत पण नावं नाहीत. या दोन्ही गोष्टी एका चौकटीत आणणं हे काम इंग्रज करणार नव्हते, निजामही नाही. ते आपलंच आहे.

राहिले ‘आधी पोटाचं बघा’वाले. माझ्या नानीचा जगात एकच फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरचा. ऐंशी वर्षं जगलेल्या, सात मुलं वाढवलेल्या बाईचा चेहरा सरकारला हवा होता म्हणून टिपला गेला, आम्हाला हवा होता म्हणून नाही. त्यातही नाव चुकलेलं. आज कागदावरच्या एका अक्षरासाठी लोकांची झोप उडते. नाव आणि चेहरा ही चैन नाही, हे भुकेल्या माणसालाही ठाऊक आहे.

म्हणून सांगते, हातात मोबाइल आहे तर वापरा. घरातल्या म्हाताऱ्यांना उजेडात बसवा, त्यांच्या हातांसकट फोटो काढा, हवा तर मागे पडदाही लावा. खाली उर्दूत आणि मराठीत पूर्ण नाव, गाव, काम लिहा: शिवणकाम, जिनिंगची मजुरी, पंक्चर, बांगड्या. एक प्रत शाळेत लावा. पुढच्या ईदला कुणी फोटो काढायला आला, तर मुलांना शिकवून ठेवा: आधी नाव लिहून घ्या, मग फोटो काढा.