शेगडीत काय घालावे : लोणारी कोळसा की कांडी कोळसा?

बारामतीहून नीरेकडे जाताना पणदरे लागते. या पट्ट्यात संध्याकाळी सीख कबाब, टिक्का, तंदुरी विकून घर चालविणारे आपले अनेक बांधव आहेत. रमजानच्या महिन्यात अशा शेगड्यांची संख्या वाढते. मांस ताजे आहे की नाही, मसाला कसा आहे, हे सारे हे बांधव बारकाईने पाहतात. परंतु कोळसा घेताना फक्त भाव विचारतात. वास्तविक पाहता मांस व मसाल्याखालोखाल या धंद्यात पैसा खर्च होतो तो जळणावर. म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

बाजारात शेगडीसाठी दोन प्रकारचा कोळसा मिळतो. एक लाकडाचा, ज्याला आपल्याकडे लोणारी कोळसा म्हणतात. दुसरा कांडी कोळसा, म्हणजे कोळशाची भुकटी खळीत किंवा शेणात मळून, यंत्रातून दाबून, उन्हात वाळविलेल्या कांड्या. कांडीची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १८९७ साली एल्सवर्थ झ्वॉयर याने तिचे पेटंट घेतले होते. पुढे १९२० च्या दशकात मोटारवाल्या हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यातील लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून कांड्या करून विकल्या. टाकाऊ मालाचे पैसे कसे करावेत, हे त्या व्यापाऱ्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता गुणदोष पाहू. लोणारी कोळसा लवकर पेटतो, पंख्याच्या वाऱ्याने झटकन तापतो आणि राख कमी ठेवतो. गिऱ्हाईक समोर उभे असताना सीख पटकन भाजायची असेल तर तो सोयीचा आहे. परंतु त्याचे तुकडे लहानमोठे असतात, त्यामुळे आच सारखी राहत नाही. तो तडतडतो, ठिणग्या उडतात, आणि पोत्याच्या तळाशी भुकटी निघते ती वाया जाते. कांडी पेटायला वेळ लागतो. मात्र एकदा पेटली की सारख्या आचेने पुष्कळ वेळ जळते. मंद आचेवर शिजणारी हंडी, दमची बिर्याणी, सावकाश भाजायचा मोठा तुकडा यांना कांडीच बरी. तिचा दोष म्हणजे राख जास्त, आणि माती मिसळून वजन वाढविलेली असेल तर विचारूच नका.

आम्ही घरी एकाच मापाच्या दोन शेगड्यांत दोन्ही कोळसे पेटवून पाहिले. लोणारी कोळशावर पहिल्या सीखा लवकर उतरल्या, परंतु मध्येच दोनदा भर घालावी लागली. कांडीच्या शेगडीला सुरुवातीला ताटकळावे लागले, पुढे मात्र हात लावावा लागला नाही. मागे एका दुकानातून आणलेल्या कांड्या मात्र हातातच चुरल्या आणि पेटताना घाण वास आला. तेव्हा दोष कांडीचा नव्हता, करणाऱ्याच्या नियतीचा होता.

येथे आणखी एक घोटाळा टाळावा. बगॅस व लाकडाचा भुसा नुसता दाबून केलेले ठोकळे ‘व्हाईट कोल’ या नावाने विकले जातात. तो कोळसा नव्हे. ते कारखान्याच्या बॉयलरचे जळण आहे. शेगडीत घातले तर धूर होईल आणि कबाब खराब होतील.

हे झाले शेगडीपुरते. परंतु कोळसा येतो कोठून, हाही व्यापाऱ्याने पाहण्याचा भाग आहे. आपल्या भागात कालव्याच्या कडेने व पडीक रानात वेडी बाभूळ माजली आहे. ती तोडून कोळसा केला तर आमची तक्रार नाही. ती तोडली तरी पुन्हा फुटते. परंतु मातीच्या भट्टीत एक किलो कोळशासाठी पाच-सहा किलो, कधी त्याहून जास्त लाकूड जळते आणि सारा धूर भट्टीवाल्याच्या छातीत जातो. हा भट्टीवाला बहुधा रायगडकडचा कातकरी असतो. पावसाळ्याच्या अडचणीत घेतलेली उचल फेडण्यासाठी तो बायकामुलांसह देशावर येतो आणि हिशेब कधी संपतच नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, तरी कोळसा भट्ट्यांवरची अशी प्रकरणे त्यानंतरही वारंवार उघडकीस आली आहेत. ज्या कोळशाचा स्वस्तपणा दुसऱ्याच्या मजुरीतून कापलेला आहे, तो घेताना आपण निदान एक प्रश्न तरी विचारावा.

दुसरीकडे आपल्या दारात काय आहे ते पाहा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या या परिसरात ऊस तुटला की रानात पाचट उरते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते असे सांगतात. अनेक शेतकरी ते पेटवून देतात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली या पाचटाचा कोळसा करण्याची पद्धत तयार केली आणि २००२ साली तिला त्यासाठी इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. लोखंडी डब्यांत पाचट कोंबून ते भट्टीत ठेवतात. तापल्यावर डब्यांतून निघणारा वायू भट्टीतच जळतो, त्यामुळे धूर कमी होतो आणि जळणही वाचते. मग त्या कोळशाची भुकटी करून कांड्या पाडतात. याच संस्थेच्या ‘सराई’ कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कांडी कोळशावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. पाचट जाळू नये तसे ते रानाबाहेरही नेऊ नये, ते सरीत कुजवावे, असा सल्ला मांजरीची वसंतदादा साखर संस्था व कृषी तज्ज्ञ देतात. जो शेतकरी पाचट कुजवतो त्याच्याकडे मागायला जाऊ नये. जो काडी लावणार आहे त्याच्याच बांधावर जावे.

दुसरी गोष्ट, शहराच्या बाजारावर फार भिस्त ठेवू नये. हवेच्या प्रदूषणावरून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांबाबत कडक भूमिका घेतली. त्यानंतर महापालिकेने कोळशाच्या तंदुरवाल्यांनाही स्वच्छ इंधनाकडे वळण्याच्या नोटिसा दिल्या. पाचटाची कांडीही शेवटी कोळसाच आहे. म्हणून गिऱ्हाईक शोधावे ते बारामती, भिगवण, इंदापूरच्या हॉटेलांत व ढाब्यांवर.

आमचे मत असे आहे : झटपट सीख लावणाऱ्याने लोणारी कोळसा घ्यावा, परंतु खात्रीच्या माणसाकडून. बाकी सर्व कामाला चांगली कांडी वापरावी. चांगली कांडी हातात सहज चुरत नाही, पेटताना रॉकेलचा किंवा जळक्या कचऱ्याचा वास देत नाही. कोळसा कोणताही असो, ओला घेऊ नये, कारण पाणी मारून वजन वाढविण्याची खोड या धंद्यात जुनी आहे. भाव किलोचा न पाहता तासाचा पाहावा. एका संध्याकाळी किती रुपयांचा कोळसा जळला ते आठ दिवस वहीत लिहावे, मग कोणता स्वस्त ते आपोआप कळेल. आणि शेगडी कोणतीही असो, बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नये. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास.

पणदरे परिसरातील आपल्या बेकार तरुणांना आमचे सांगणे आहे, की चार-पाच जणांनी मिळून प्रथम एक भट्टी घालून पाहावी. मोठे कर्ज काढू नये. पहिला माल आपल्याच गल्लीतील शेगडीवर जाळून दाखवावा आणि मातीची एक मूठही मिसळू नये. मापात व मालात खरेपणा ठेवला तर गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि छोट्या धंद्याचे खरे भांडवल तेच असते.