सासूबाई गप्प का आहेत?

‘तू तू मैं मैं’ ही हिंदी मालिका आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. १९९४ साली सुरू झालेल्या या मालिकेचे दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांचे होते. सून होत्या सुप्रिया पिळगांवकर आणि सासू रीमा लागू. त्याच सुमारास दूरदर्शनवरील ‘श्रीमान श्रीमती’मध्ये रीमाताईंनी रंगवलेली कोकी कुलकर्णीही घराघरांत पोहोचली होती. मुंबईतल्या त्या दिवाणखान्यांशी चिखलीतल्या वाड्यांचे आणि चाळींचे तसे साम्य काहीच नव्हते. तरीही भाजीतल्या मिठावरून पेटणारे भांडण आपल्याच स्वयंपाकघरातले वाटे.

रीमाताईंच्या विनोदाचे बळ त्यांच्या गांभीर्यात होते. सासू आपल्या म्हणण्यावर मनापासून ठाम असे. तिला स्वतःला त्यात हसण्यासारखे काही दिसत नसे आणि म्हणूनच आपण हसत असू. ही जाण त्यांना रंगभूमीने दिली. २१ जून १९५८ रोजी जन्मलेल्या रीमाताईंचे माहेरचे नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे या मराठी रंगभूमीवरील अभिनेत्री. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. पुढे युनियन बँकेत सुमारे दहा वर्षे नोकरी करताकरता त्यांनी नाटकेही केली. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकातील त्यांची भूमिका जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’पासून त्या हिंदी चित्रपटांतील लाडक्या आई झाल्या. १९९९ च्या ‘वास्तव’मध्ये तर त्यांनी संजय दत्त यांच्या आईची भूमिका केली, प्रत्यक्षात दोघांच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर होते.

१७ मे २०१७ रोजी त्या एका मालिकेच्या चित्रीकरणात संध्याकाळपर्यंत व्यग्र होत्या. रात्री छातीत दुखू लागल्याने त्यांना मुंबईतील रुग्णालयात हलवण्यात आले. १८ मेच्या पहाटे हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. वयाची ५९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या प्रकृतीविषयी तर्क करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र संध्याकाळपर्यंत कामात असलेली व्यक्ती पहाटे नसावी, ही गोष्ट प्रत्येक घराने थांबून विचार करावी अशी आहे.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, असा समज आपल्याकडे अजूनही घट्ट आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमधील हा धोका वाढत जातो. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर अधिकच. स्त्रियांमध्येही छातीत दुखणे किंवा दडपण येणे हेच सर्वांत नेहमीचे लक्षण आहे. परंतु त्याच्या जोडीने, किंवा कधीकधी त्याच्याशिवायही, इतर लक्षणे दिसतात: धाप लागणे, मळमळ, थंड घाम, जबडा, मान, पाठ किंवा खांद्यात दुखणे आणि कारण नसताना येणारा विलक्षण थकवा. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांना आणि वयोवृद्धांना तर कधीकधी दुखणे जाणवतही नाही. मग घरात निदान होते ते ‘पित्त झालं असेल’, ‘गॅस धरला असेल’ असे. ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो, पाठीला बाम चोळला जातो आणि मोलाचा वेळ हातचा जातो.

हे सारे वेळेवर कोणाच्या ध्यानात येईल? पुष्कळ घरांत याचे उत्तर ‘सुनेच्या’ असे आहे. मुलगा कामावर असतो, लेक सासरी असते. दिवसभर सासूबाईंच्या सहवासात असते ती सूनच. सासूबाई किती वाजता उठतात, चहात साखर किती घेतात, कोणत्या गोष्टीवर हमखास बोलतात, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ‘तू तू मैं मैं’मधील भांडणाचे गमकही हेच होते. एकमेकींना पुरते ओळखणाऱ्या दोघीच इतके नेमके भांडू शकतात.

म्हणून, काळजी घेणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो, घरातील वडीलधाऱ्यांची कुरकुर एकाएकी थांबली तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. रोज भाजीत खोड काढणाऱ्या सासूबाई आज पानावरून मुकाट्याने उठल्या, देवपूजा अर्धवट ठेवून आडव्या झाल्या, दोन पायऱ्या चढून उंबऱ्याशीच बसल्या, तर जवळ जाऊन विचारा. ‘बरं वाटत नाही का?’ या प्रश्नाला बहुधा ‘काही नाही गं’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे: ‘छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतंय का? दम लागतोय का? हात, पाठ, जबडा दुखतोय का? कधीपासून?’ उत्तर होकारार्थी असेल तर सकाळची वाट पाहू नये.

हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि प्रत्येक मिनिटागणिक तो निकामी होत जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी यांचा लाभ जितका लवकर तितका अधिक असतो. चिखलीहून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय सुमारे २५ किलोमीटरवर आहे आणि पुढील उपचारांसाठी आणखी दूरच्या शहरी जावे लागू शकते. ज्यांच्या वाटेत अंतर आहे, त्यांनी निर्णयात वेळ दवडता कामा नये. १०८ वर दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका सेवा निःशुल्क आहे. दुचाकीवर मध्ये बसवून नेणे टाळावे. रुग्णाला चालवू नये, आधार देऊन बसते ठेवावे, खाऊ-पिऊ घालू नये. ॲस्पिरिनची गोळी डॉक्टरांनी सांगितल्यासच द्यावी. काहींना ती अपायकारक ठरते. जवळच्या रुग्णालयात ताबडतोब ईसीजी काढून घ्यावा. पहिला ईसीजी ठीक असूनही त्रास थांबला नसेल, तर तो पुन्हा काढण्याविषयी आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. रुग्ण बेशुद्ध झाला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहावे.

याची तयारी मात्र दिवसाउजेडी, निवांतपणी करायची असते. चालू गोळ्यांची यादी, जुना ईसीजी, आधार कार्ड आणि थोडी रोख रक्कम एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला टांगावी. रात्री हाक मारता येईल अशा दोन शेजाऱ्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावेत. सुनेला एकटीला निर्णय घ्यायची वेळ आली तर तिने कोणाच्या परवानगीसाठी थांबू नये, हेही घरातील कर्त्या माणसांनी तिला आधीच, सर्वांसमक्ष सांगून ठेवावे. सासूबाईंचा जीव वाचवण्यात याचा वाटा औषधांइतकाच मोठा असू शकतो.

आणि ज्येष्ठ भगिनींनो, शेवटचे सांगणे आपल्याला. मुलांची झोपमोड नको, खर्च नको, उगाच धावपळ नको, म्हणून दुखणे पदराआड झाकण्याची सवय आयुष्यभर जपलीत. ती आता सोडा. तपासणीअंती ते खरोखरच पित्त निघाले तर घरातले हसतील, आपणही हसाल; त्या हसण्यासारखे औषध नाही. सुनेला मध्यरात्री हाक मारण्यात कमीपणा कसला? ती उठेल. कदाचित थोडी पुटपुटेलही. दुसऱ्या दिवशी भाजीतल्या मिठावरून तिला पुन्हा ऐकवायला आपण असायला हवे.