रंग नंतर मारा, आधी ट्रॅक्टर थांबवून दाखवा



पावसाने दोन दिवस उघाड दिली आणि मोबाईलवर जुन्या ट्रॅक्टरांची जत्रा भरली. बी-२७५ काय, एचएमटी २५११ काय, मडगार्डला नवा रंग, बोनेटवर हार, आणि मागे संत्र्याच्या ओळीत गवत कापणारा स्लॅशर. खाली लिहिलेलं, "जुनं ते सोनं". मी पाचसहा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. एकाच्याही पीटीओवर ओव्हररनिंग क्लच दिसला नाही. दोघांच्या शाफ्टवर साधी प्लॅस्टिकची नळीही नाही, आणि त्यातल्या एकाच्या मडगार्डवर पोरगा बसलेला.

कोणाला राग येवो, स्पष्टच लिहितो. याला ट्रॅक्टर नवा केला म्हणत नाहीत. नुसता रंगवला म्हणतात.

मला जुन्या ट्रॅक्टरचं वाकडं नाही. उलट पावसाळ्यात बागेतलं गवत कापायला जुन्या ट्रॅक्टरसारखं दुसरं काम नाही. बी-२७५ आपल्याकडे साठच्या दशकात, मुंबईत कांदिवलीला बनू लागला. २५११ हा १९७१ पासून पिंजोरचा, झेटरच्या सहकार्याने. यांची ताकद या कामाला पुरते. गवतासाठी स्लॅशरच्या दर फुटाला साधारण पाच एचपी धरतात, तीही पीटीओवर मिळणारी, बोनेटवर लिहिलेली नव्हे. म्हणून २५११ ला चार फुटी लावा, बी-२७५ ला पाच फुटी चालतो. यासाठी पन्नास एचपीचं कर्ज काढायला सांगणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि गवत कापावं, रोटाव्हेटर फिरवू नये, हेही माझं पक्कं मत. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. ओल्या काळ्या जमिनीत रोटाव्हेटर घातला की तीच तुटतात, आणि तुटल्या मुळातून फायटोफ्थोराला आयतं दार. मग डिंक्या आला म्हणून बोर्डो पेस्टची बादली घेऊन झाडोझाड हिंडायचं. तेव्हा जुना ट्रॅक्टर, मागे स्लॅशर, ही जोडी बरोबरच आहे. भांडण आहे ते या दोघांच्या मधल्या वीतभर जागेशी.

सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्सकडूनच फिरतो. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण गिअर आणि पीटीओ एकमेकांना जोडलेलेच राहतात. मागे स्लॅशरची जड थाळी आणि पाती पूर्ण वेगात फिरत असतात. ती एकदम थांबत नाहीत. तो सगळा जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि तिथून चाकाला जातो. म्हणजे तुम्ही क्लच दाबून बसलात, आणि स्लॅशर ट्रॅक्टरला पुढे ढकलतोय. पाती दमेपर्यंत ट्रॅक्टर चालतच राहतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "भौ, काहून घाबरवतो? आमच्या आज्याने याच ट्रॅक्टरवर सारी जिंदगी काढली."

काढली, हाओ. पण काय लावून? नांगर, वखर, ट्रॉली. नांगर मातीत रुतलेला असतो, क्लच दाबला की मातीच ट्रॅक्टरला धरते. थ्रेशर पीटीओवर चालला, पण ट्रॅक्टर उभा करून, न्यूट्रलमध्ये. चालत्या ट्रॅक्टरमागे वेगात फिरणारं जड लोखंड आज्याने लावलंच नाही. त्याचा अनुभव खरा, पण तो या कामाचा नाही.

दुसरं उत्तर ब्रेकचं. ओल्या गवतावर, गोट झालेल्या टायरवर, जुन्या ब्रेकने तुम्ही त्या पात्यांशी कुस्ती खेळणार? तिसरं उत्तर, "पटकन न्यूट्रल करतो." गिअरवर मागून ताण असताना तो सहज सुटत नाही, करून पाहिलेल्याला विचारा. चौथं म्हणजे, "शिअर बोल्ट आहे ना." हे मी कृषी पदविका झालेल्या पोरांकडूनही ऐकलंय. शिअर बोल्ट तुटतो ते पातं दगडाला किंवा खुंटाला अडकल्यावर, स्लॅशरचा गिअरबॉक्स वाचवायला. मोकळ्या गवतात ट्रॅक्टर ढकलला जातो तेव्हा त्याला काहीच होत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीचं काम भागत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शिवारात असंच झालं. गडी ओळीच्या शेवटी आला, पुढे एक पोरगा ठिबकची नळी गुंडाळत बसलेला. याने क्लच दाबला. ट्रॅक्टर नऊ-दहा फूट पुढे गेलाच. पोराने बांधावरून उडी मारली म्हणून निभावलं. एक दहा वर्षांचं झाड गेलं, नळी पात्यांत गेली. आणि चावडीवर दुसऱ्या दिवशी निकाल काय लागला, तर गडी नवखा होता! मालकाने आदल्याच महिन्यात त्या ट्रॅक्टरचं सगळं रंगकाम करून घेतलं होतं.

ओव्हररनिंग क्लच म्हणजे काय अवघड वस्तू नाही. सायकलचं फ्रीव्हील. पायडल मारलं की चाक फिरतं, पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, पण पायाला ओढत नाही. तेच पीटीओवर. ट्रॅक्टर स्लॅशरला फिरवेल, स्लॅशर ट्रॅक्टरला फिरवणार नाही. अमेरिकेत १९४७ ते १९५२ मध्ये फोर्ड ८एन नावाचे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले, त्यांचा पीटीओ याच पद्धतीचा. आजही तिथले हौशी लोक त्यांच्यामागे गवत कापतात, आणि नवख्याला पहिली सूचना हीच देतात.

आता तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेल्या स्लॅशरबद्दल. ट्रकच्या कमानीचा पाटा कापून पातं केलेलं, आणि ते थाळीला सरळ वेल्ड केलेलं. कमानीचं पोलाद वेल्डिंगच्या बाजूला ठिसूळ होतं. पातं बोल्टवर झुलतं पाहिजे, दगड लागला की मागे वळलं पाहिजे. साधा हिशोब करा. पीटीओ ५४०, गिअरबॉक्स दीडपट वेग वाढवणारा, म्हणजे पाती ८१० फेऱ्यांवर. पाच फुटी स्लॅशरमध्ये पात्याच्या टोकाचा वेग तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने तुटलेला तुकडा किंवा उडालेला दगड कुठे जाईल ते पुढेमागे लोंबणाऱ्या साखळ्यांवर ठरतं. आणि साखळ्याच कोणी लावत नाही, "गवत अडकते" म्हणून.

उघडा शाफ्ट तर विचारूच नका. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. सात सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट एका सेकंदात जवळपास दोन मीटर कापड गुंडाळतो. गळ्यातला दुपट्टा किती लांब असतो ते मोजून पाहा. थ्रेशरने मजुरांचे हात गेले म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. स्लॅशरसाठी आपण कशाची वाट पाहतोय?

तुमचा ट्रॅक्टर सिंगल की डबल, हे मॉडेलच्या नावावरून ठरवू नका. कित्येक मॉडेल दोन्ही प्रकारांत विकली गेली, आणि दुरुस्तीत कोणी काय बदललं ते देवाला माहीत. स्लॅशर आणि शाफ्ट काढून ठेवा. सपाट मोकळ्या जागी पीटीओ लावून पहिल्या गिअरमध्ये हळू चालवा, सोबत्याला बाजूने दहा पावलं लांबून पीटीओकडे पाहायला सांगा. क्लच सावकाश दाबा. आधी चाक थांबलं आणि पीटीओ फिरत राहिला तर डबल. दोन्ही एकदमच थांबले तर सिंगल, आणि मग ओव्हररनिंग क्लच आल्याशिवाय स्लॅशर शेडबाहेर काढायचा नाही.

बसवताना एक लक्षात ठेवा. त्याने जोड काही इंच लांबतो, तेवढा शाफ्ट कापावा लागतो. तसाच ठेवला तर स्लॅशर उचलताना शाफ्ट आत ठेचतो आणि पीटीओचं बेअरिंग जातं, मग लोक म्हणतात क्लचच खराब होता. ग्रीस देत जा. महिन्यातून एकदा, ट्रॅक्टर बंद करून, हाताने फिरवून पाहा: एका बाजूला मोकळा, दुसऱ्या बाजूला घट्ट. दोन्हीकडे घट्ट असेल तर तो जाम झालाय, असून नसल्यासारखा. आणि त्याने पाती लवकर थांबत नाहीत, फक्त ढकलणं थांबतं. पाती पूर्ण उभी राहिल्याशिवाय सीटवरून उतरायचं नाही.

आमच्याकडे दुसरी कापणी वाफसा आल्यावर. चार इंचांवर ठेवणार, खोडापासून दोन हात लांब. खोडाजवळचं गवत विळ्यानेच काढतो, सालीला एक ओरखडा लागला तरी डिंक्याला तेवढा पुरतो.