विश्वस्तांनो, ताळेबंदाआधी वॉर्ड पाहा

तुम्ही एखाद्या रुग्णालयाचे विश्वस्त असाल, तर मागची बैठक आठवा. किती खाटा भरल्या, एमआरआय मशीनचे पैसे कधी वसूल होणार, नव्या इमारतीला कुणाचं नाव द्यायचं, यावर किती वेळ गेला? आणि गेल्या महिन्यात ऑपरेशननंतर किती जणांच्या जखमा चिघळल्या, यावर किती?

"तो डॉक्टरांचा विषय," असं तुम्ही म्हणाल. पण सिस्टर किती नेमायच्या आणि डॉक्टरांचा मोबदला ऑपरेशनच्या संख्येवर ठरवायचा की नाही, हे तुम्ही ठरवता. मग परिणामही तुमचेच.

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या सरकारी रुग्णालयात हेच घडलं. २००५ ते २००९ या काळात संचालक मंडळाचं लक्ष खर्चकपात आणि उद्दिष्टांवर होतं. कर्मचारी कमी केले गेले. रुग्ण पाण्यावाचून तळमळले, घाण झालेल्या अंथरुणात पडून राहिले. नातेवाईक तक्रारी करत होते, पण मंडळानं ऐकलं नाही. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालानं २०१३ साली २९० शिफारशी केल्या.

आपल्याकडे काय बदलतंय, तेही समजून घ्या.

पहिलं, आजार बदललेत. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा रुग्ण एकदा बरा होऊन जात नाही, वीस-वीस वर्षं येत राहतो. त्याला खाटेपेक्षा नियमित तपासणी आणि समजावून सांगणारं माणूस जास्त लागतं. खाटा किती भरल्या यावर यश मोजलंत, तर त्याचा आजार बळावण्यातच तुमचा फायदा!

दुसरं, अँटिबायोटिकना दाद न देणारे जंतू वाढताहेत. आयसीयूत एका खाटेवरून दुसरीकडे ते बहुतेकदा आपल्याच हातांनी जातात. हात धुण्याची सोय आणि पुरेशा सिस्टर हा खर्च 'वाचवण्याचा' नव्हे. "आमच्याकडे संसर्ग शून्य," असं कुणी सांगितलं तर खूश होऊ नका. बहुधा कुणी मोजतच नसतं.

तिसरं, सुरक्षितता आता मोजता येते. ऑपरेशनआधी, दरम्यान आणि नंतर तपासायच्या १९ मुद्द्यांची जागतिक आरोग्य संघटनेची यादी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत वापरून पाहिली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. खर्च जवळपास एका कागदाचा.

चौथं, सीझर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात सरकारी दवाखान्यांतल्या १०० बाळंतपणांमागे सुमारे १४ सीझर झाली, खाजगीत सुमारे ४७. प्रत्येक सीझर अनावश्यक नसतं, गुंतागुंतीच्या केसेसही पाठवल्या जातात. पण तुमचा आकडा किती आणि का, हे तुम्ही कधी विचारलंत?

आणि धर्मादाय रुग्णालय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं ही तुमची मेहेरबानी नाही, कायदेशीर जबाबदारी आहे. त्या खाटांवर आज कोण आहे?

पुढच्या बैठकीत हिशेबाआधी चार आकडे मागा: संसर्ग, मृत्यू, सीझर आणि रुग्णांच्या तक्रारी. मग वॉर्डात एक चक्कर मारा, न सांगता. पेशंटच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला आहे का, एवढं जरी पाहिलंत तरी ताळेबंदात न दिसणारं बरंच काही कळेल.