उडी मोजा, पण भिंतीवर!

तर मंडळी, आजचा विषय उडी. जागच्या जागी, सरळ वर मारलेली. आंबिवलीत संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळणारी पोरं असोत की आमच्या ऑफिसातले जिमवाले, हल्ली सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला असतो: "तुझी व्हर्टिकल किती?" आणि उत्तर येतं ते मोबाईलच्या ॲपमधून, तेही दशांश चिन्हासकट! ३८.७ सेंमी म्हणे. हा .७ कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

मग मीच सांगतो. व्हिडिओवाली ॲप्स उंची मोजतच नाहीत, ती मोजतात वेळ. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतचा. त्या वेळेचा वर्ग करायचा, ९.८१ ने गुणायचं, ८ ने भागायचं, झाली उंची. बारावीचं फिजिक्स आहे, त्यात काही खोट नाही. अर्धा सेकंद हवेत राहिलात तर साधारण ३१ सेंमी.

खोट आहे ती पुढे. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो. एक फ्रेम इकडची तिकडे झाली की उत्तरात ४ सेंमीचा फरक! २४० फ्रेमचा स्लो-मोशन वापरलात तर हाच फरक अर्ध्या सेंमीवर येतो, तेव्हा मोजायचंच असेल तर निदान तसं मोजा. पण त्यालाही फसवता येतं. खाली येताना गुडघे मुडपले की पाय उशिरा टेकतात. फक्त ०.०५ सेकंद जास्त, आणि ३१ चे झाले ३७. उडी तेवढीच, प्रगती मात्र ६ सेंमी. वा!

यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं ते असं, की याच आकड्यावर धंदा चालतो. '६ आठवड्यांत १० इंच वाढवा' छापाचे कोर्स विकले जातात. पंधरा-सोळा वर्षांची पोरं पैसे भरतात आणि आकडा हलावा म्हणून रोज पेव्हर ब्लॉकवर शेकड्याने उड्या मारतात. गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध एकदा दुखायला लागला की महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. आकडा खोटा असला तरी दुखणं खरंच असतं हो.

बरं, तुलना तरी कशाशी? एनबीएच्या चाचणीत २०२१ साली कीऑन जॉन्सनने ४८ इंच उडी मारली, ती पळत येऊन. जागेवरून मारायची उडी तिथे वेगळी मोजतात. आपण मात्र एकाचा पळत, दुसऱ्याचा जागेवर, तिसऱ्याचा ॲपवर असे आकडे एकाच रांगेत लावतो. एककं न बघता बेरीज करणारा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला तर आपण काय करू? तेच इथे करा.

आपल्या नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उंच उडी मारून सहावा आला. उंच उडी हा प्रकार वेगळा, मान्य. पण तिथली आडवी काठी कुणाला भीक घालत नाही. पडली तर पडली, राहिली तर राहिली. मोजमाप असं हवं, सगळ्यांना दिसणारं.

आपल्याला ते फुकटात मिळतं. हार्वर्डच्या व्यायामशाळेत उभी हयात घालवलेल्या डडली सार्जंटने १९२१ साली उडीची चाचणी मांडली. तिचं आज चालणारं रूप म्हणजे भिंत आणि खडू. भिंतीला खेटून उभं राहा, हात पूर्ण वर ताणा, खूण करा. मग उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. इथेही लबाडी होते: पहिल्या खुणेला खांदा आखडून धरतात. पण ती शेजारी उभ्या मित्राला दिसते, आणि तो ओरडतो. ॲप ओरडत नाही.

आणि रोज मोजू नका. झोप, पोट, लोकलमधला उभ्याने प्रवास, सगळ्याचा परिणाम होतो. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच बुटांत. तीन उड्या मारा आणि मधला आकडा लिहा, सर्वात मोठा नव्हे. दोन महिन्यांनी वहीतली रेघ वर गेली असेल तर तुमची उडी खरंच वाढली. नसेल गेली तर कोर्सवाल्याकडे पैसे परत मागा.

असो. खडूची किंमत तुम्हाला माहीतच आहे.